पृच्छक-संपादनाची आगमनपृष्ठे : रचना, मापन आणि मर्यादा

१. संज्ञा व व्याप्ती

व्यापारी पेढी असो, शिक्षणसंस्था असो वा राजकीय चळवळ असो, अपरिचित मनुष्याला परिचितांच्या वर्तुळात आणण्याचा प्रश्न प्रत्येकीपुढे उभा असतोच. जाहिरात पाहणाऱ्या असंख्य लोकांपैकी थोड्यांच्याच मनात वस्तूविषयी कुतूहल जागे होते. आणि ज्यांच्या मनात ते जागे होते त्यांतीलही बहुतेक जण तत्काळ खरेदी करीत नाहीत. अशा वेळी संस्था त्यांच्याकडून पैशाऐवजी नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक किंवा विद्युत्पत्राचा पत्ता मागते आणि पुढील संवादाची परवानगी घेते. ज्याने अशी खूण मागे ठेवली त्यास व्यवहारात ‘लीड’ म्हणतात. प्रस्तुत विवेचनात त्यासाठी ‘पृच्छक’ हा शब्द योजिला आहे, आणि असे पृच्छक मिळविण्याच्या उद्योगास ‘पृच्छक-संपादन’ म्हटले आहे. आंतरजालावरील जाहिरातीतून किंवा शोधयंत्रातून आलेला मनुष्य ज्या पृष्ठावर प्रथम उतरतो आणि जेथे ही देवघेव घडते, ते ‘आगमनपृष्ठ’ होय. ‘लँडिंग पेज’ हे त्याचे रूढ नाव.

आगमनपृष्ठ आणि संस्थेचे मुखपृष्ठ यांत भेद आहे. मुखपृष्ठ हे वाड्याच्या चौकासारखे असते. तेथून अनेक दालनांकडे वाटा फुटतात आणि येणारे लोकही नाना प्रयोजनांनी आलेले असतात. आगमनपृष्ठावर येणारा मनुष्य मात्र एका विशिष्ट वचनाच्या मागोव्याने आलेला असतो. त्याच्या मनात एक प्रश्न ठरलेला असतो व संस्थेचीही त्याच्याकडे एकच मागणी असते. पृष्ठावर आलेल्या शंभरांपैकी जितके जण ती मागणी मान्य करतात, तितका त्या पृष्ठाचा ‘परिणतिदर’ समजला जातो. हा दर वाढविणे म्हणजेच उत्तम रचना करणे, असा एक समज रूढ आहे. तो कितपत टिकतो याची तपासणी करणे हा येथील मुख्य हेतू आहे.

२. पूर्वपीठिका : कूपन आणि शेत

आगमनपृष्ठ हे नव्या यंत्राचे अपत्य असले तरी त्यामागील विचार जुना आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्या पेढ्या आपल्या जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठविण्याजोगे कूपन छापीत. प्रत्येक नियतकालिकासाठी व प्रत्येक मजकुरासाठी त्या कूपनावर वेगळी खूण असे. परत आलेली कूपने मोजली म्हणजे कोणत्या जाहिरातीने किती पृच्छक आणले आणि प्रत्येकावर किती खर्च पडला, याचा हिशेब मांडता येई. क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात याच हिशेबाला जाहिरातविद्येचा पाया मानले. टपाली व्यापाराच्या जाहिरातीत प्रत्येक ओळीला आपली किंमत वसूल करून द्यावी लागते. म्हणून अशी जाहिरात हीच इतरांनी अभ्यासावी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. जॉन केपल्स यांनी १९३२ साली ‘टेस्टेड ॲडव्हर्टायझिंग मेथड्स’ या ग्रंथात मथळ्यांच्या तुलनात्मक परीक्षेची पद्धत अधिक विस्ताराने मांडली. पत्रद्वारा संगीत शिकविणाऱ्या एका संस्थेसाठी त्यांनी लिहिलेली जाहिरात प्रसिद्ध आहे. तीत वाचकाला थेट शुल्क भरण्यास सांगितलेले नव्हते. कूपन पाठवून विनामूल्य पुस्तिका मागविण्यास सांगितले होते. आजच्या आगमनपृष्ठाची मूळ आकृती तीच होय : वचन, पुरावा, अल्प मागणी, आणि मोबदल्यात काही उपयुक्त वस्तू.

कूपन मोजण्याच्या या पद्धतीत एक उणीव होती. एक जाहिरात मार्चमध्ये आणि दुसरी एप्रिलमध्ये छापली, तर उत्तरांतील फरक मजकुराचा की ऋतूचा, हे सांगता येत नसे. ही अडचण सोडविणारी उपपत्ती जाहिरातीच्या नव्हे, तर शेतीच्या क्षेत्रात सिद्ध झाली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी खतांच्या परीक्षेसाठी जमिनीच्या तुकड्यांचे यादृच्छिक वाटप करण्याचे तत्त्व मांडले. त्यांचा ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ हा ग्रंथ १९३५ चा. जमीन कोठे कसदार व कोठे निकस हे आधी ठाऊक नसले, तरी कोणत्या तुकड्यास कोणते खत द्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविले, म्हणजे कसाचा पक्षपात दोन्ही बाजूंस सारखा वाटला जातो व उरलेला फरक किती दैवाधीन असू शकेल हे गणिताने सांगता येते. आंतरजालावरील ‘ए/बी चाचणी’ हे याच तत्त्वाचे रूप आहे. तेथे तुकड्यांच्या जागी अभ्यागत आणि खतांच्या जागी पृष्ठाची दोन रूपे असतात, इतकाच फरक.

३. रचनेची अंगे

पहिले अंग वचनाच्या सातत्याचे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील पीटर पिरोली व स्टुअर्ट कार्ड यांनी १९९९ साली माहितीच्या शोधाची एक उपपत्ती मांडली. भक्ष्य शोधणारा प्राणी जसा गंधाच्या अनुरोधाने वाट ठरवितो, तसा माहिती शोधणारा मनुष्य दुव्यांवरील शब्द, चित्रे व मथळे यांच्या ‘गंधा’वरून पुढे जावे की मागे फिरावे हे ठरवितो, असा तिचा आशय आहे. जाहिरातीत ‘सांख्यिकीचा सायंकालीन अभ्यासक्रम’ असे म्हणावे आणि टिचकी मारताच विद्यापीठाच्या इमारतीचे चित्र व कुलगुरूंचे स्वागतपर निवेदन पुढे यावे, म्हणजे गंध तुटला. अभ्यागताच्या मनातील पहिला प्रश्न ‘योग्य ठिकाणी आलो का?’ हा असतो. त्याचे उत्तर मथळ्यानेच, आणि शक्यतो जाहिरातीतील त्याच शब्दांनी, द्यावयास हवे. म्हणूनच पाच निरनिराळ्या जाहिरातींसाठी एकच पृष्ठ वापरणे सोयीचे असले तरी हिताचे नसते.

या अंगाला वेगाची जोड आहे. याकोब निल्सन यांनी १९९३ साली संकलित केलेल्या मर्यादांनुसार सुमारे १ सेकंदापर्यंतच्या विलंबात मनुष्याच्या विचाराचा ओघ अखंड राहतो आणि १० सेकंदांपलीकडे लक्ष टिकविणे कठीण होते. भव्य चित्राने पृष्ठ शोभिवंत दिसते. परंतु मंद जोडणीवरील भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ते उमटेपर्यंत पाहणारा निघून गेला, तर ती शोभा कोणासाठी?

दुसरे अंग मागणीच्या एकत्वाचे. आगमनपृष्ठावर अनेक बटने व अनेक दुवे असू नयेत, असा नियम सर्वत्र सांगितला जातो. त्याच्या समर्थनार्थ शीना अय्यंगार व मार्क लेपर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या मुरंब्याच्या प्रयोगाचा दाखला देण्याची प्रथा आहे. दुकानात २४ प्रकारचे मुरंबे मांडले असता जवळून जाणाऱ्यांपैकी ६० टक्के थांबले, ६ प्रकार मांडले असता ४० टक्के थांबले. मात्र थांबलेल्यांपैकी प्रत्यक्ष खरेदी करणारे पहिल्या वेळी ३ टक्के आणि दुसऱ्या वेळी ३० टक्के निघाले. निष्कर्ष मोठा आकर्षक आहे. तथापि बेन्यामिन शाइबहेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अशा ५० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विकल्पांच्या विपुलतेचा सरासरी परिणाम शून्याच्या जवळपास आढळला. काही परिस्थितींत विपुलता मारक ठरते, काहींत ती उपकारक ठरते. तेव्हा एका मागणीच्या नियमाला मुरंब्याचा आधार घेणे धोक्याचे आहे. त्या नियमाचे खरे समर्थन अधिक साधे आहे : अभ्यागत एका प्रयोजनाने आलेला असताना त्याच्यापुढे दुसरी प्रयोजने मांडणे म्हणजे त्याला त्याच्याच वाटेवरून बाजूस काढणे होय. ज्या विकल्पांची तुलना करण्यासाठीच तो आला आहे, ते मात्र वगळता कामा नयेत. शुल्काचे तीन प्रकार असतील तर तिन्ही दाखविणे हा गोंधळ नव्हे; ती माहिती होय.

तिसरे अंग प्रपत्राचे. प्रपत्रातील प्रत्येक रकाना ही एक किंमत आहे. ती श्रमाची असते, तशी संकोचाचीही असते. दूरध्वनी क्रमांक लिहिताना मनुष्य केवळ दहा अंक लिहीत नाही. उद्या भर दुपारी येणाऱ्या आवाजाला तो आपल्या घराचे दार उघडून देत असतो. शिवाय रकाना निरुपद्रवी दिसला तरी त्याचा अर्थ कसा लावला जाईल हे सांगता येत नाही. प्रवासाची आरक्षणे करणाऱ्या एक्सपीडिया या पेढीचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. पैसे भरण्याच्या प्रपत्रात ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काही ग्राहक त्यात आपल्या बँकेचे नाव लिहीत. त्या ओघात पुढील पत्त्याच्या रकान्यात बँकेचाच पत्ता भरीत. परिणामी कार्डाच्या पत्त्याची पडताळणी फसे व व्यवहार नाकारला जाई. तो रकाना काढून टाकल्याने वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरांचा नफा वाढला, असे पेढीने सांगितले. हे उदाहरण पृच्छेचे नसून खरेदीचे आहे. परंतु त्यातील बोध दोन्हींस लागू पडतो. ऐच्छिक रकानाही फुकट नसतो. ज्या माहितीचे पुढे काय करावयाचे हे संस्थेला सांगता येत नाही, ती माहिती मागू नये, ही यातील साधी कसोटी आहे.

४. एक कारखानीय प्रयोग

या विषयातील सर्वांत परिचित प्रयोग व्यापारातील नसून राजकारणातील आहे. बराक ओबामा यांच्या २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात विश्लेषण विभागाचे प्रमुख असलेल्या डॅन सिरोकर यांनी त्याचा वृत्तान्त २०१० साली प्रसिद्ध केला. डिसेंबर २००७ मध्ये प्रचाराच्या संकेतस्थळावरील प्रवेशपृष्ठाची परीक्षा घेण्यात आली. अभ्यागताने विद्युत्पत्राचा पत्ता द्यावा, एवढीच त्या पृष्ठाची मागणी होती. बटनावरील शब्दांचे ४ पर्याय आणि वरील दृश्याचे ६ पर्याय घेण्यात आले. दृश्यांत ३ स्थिरचित्रे आणि ३ चलच्चित्रे होती. यांच्या २४ जोड्या होतात. एकूण ३,१०,३८२ अभ्यागतांना या २४ रूपांत यदृच्छेने वाटून दिले गेले. म्हणजे प्रत्येक रूप सुमारे १३,००० जणांनी पाहिले.

फिशर यांच्या परिभाषेत हा ‘कारखानीय’ नव्हे तर ‘घटकीय’ प्रयोग होय. तथापि कारखान्यातील काटकसर त्यात आहेच, आणि म्हणूनच वरील शीर्षक. प्रत्येक रूप १३,००० जणांनीच पाहिले असले, तरी प्रत्येक बटन ६ दृश्यांसह दिसल्यामुळे एकेका बटनाविषयीचे अनुमान सुमारे ७७,६०० निरीक्षणांवर आणि एकेका दृश्याविषयीचे सुमारे ५१,७०० निरीक्षणांवर उभे राहते. तीच निरीक्षणे दोनदा उपयोगी पडतात.

निष्कर्ष असा निघाला की, मूळ पृष्ठाचा परिणतिदर ८.२६ टक्के होता, तर ओबामा यांच्या कुटुंबाचे चित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ अशा अर्थाचे बटन असलेल्या रूपाचा ११.६ टक्के, वाढ ४०.६ टक्क्यांची. प्रचारातील कार्यकर्त्यांची पसंती आधी एका चलच्चित्राला होती. प्रत्यक्षात तिन्ही चलच्चित्रे तिन्ही स्थिरचित्रांच्या मागे पडली. अनुभवी माणसांची अभिरुची आणि अनोळखी अभ्यागताची वागणूक यांत अंतर असू शकते, हा येथील पहिला धडा. दुसरा धडा बटनाच्या शब्दांत आहे. ‘नाव नोंदवा’ यात बांधिलकी आहे. ‘अधिक जाणून घ्या’ यात कुतूहलाला मुभा आहे. आलेल्या मनुष्याची मनःस्थिती दुसऱ्या शब्दांशी अधिक जुळली, असे स्पष्टीकरण संभवते. परंतु ते स्पष्टीकरणच आहे. प्रयोगाने ‘काय’ सिद्ध केले, ‘का’ सिद्ध केले नाही.

५. मापनाची शिस्त

वरील फरक दैवाधीन नव्हता, हे सहज पडताळता येते. सुमारे १३,००० अभ्यागतांत ८.२६ टक्क्यांच्या दराची प्रमाण त्रुटी ०.२४ टक्के इतकी येते व दोन्ही दरांमधील फरकाची सुमारे ०.३७. प्रत्यक्ष फरक ३.३४ टक्क्यांचा, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या नऊपट आहे. २४ रूपांतून एक निवडले हे ध्यानात घेतले तरी तो टिकतो. मात्र त्यावरून काढलेल्या पुढील अनुमानाकडे अधिक सावधपणे पाहिले पाहिजे. प्रचारकाळात या पृष्ठातून सुमारे १ कोटी लोकांनी पत्ते दिले. मूळ पृष्ठ ठेवले असते तर ही संख्या ७१ लाख २० हजार राहिली असती. म्हणून २८ लाख ८० हजार पत्ते अधिक मिळाले. आणि प्रत्येक पत्त्यामागे सरासरी २१ डॉलर देणगी धरता सुमारे ६ कोटी डॉलरांचा लाभ झाला, असा सिरोकर यांचा हिशेब आहे. यात दोन गृहीतके आहेत. एक, प्रयोगाच्या वेळचा फरक पुढे वर्षभर तसाच राहिला. दोन, नव्या रूपामुळे जे अधिकचे लोक आले त्यांची देणगी आधीच्यांइतकीच असली पाहिजे. पहिल्याविषयी शंका अशी की, अनेकांतून सर्वश्रेष्ठ म्हणून निवडलेल्या रूपाचे मोजलेले यश त्याच्या खऱ्या यशापेक्षा थोडे फुगलेले असण्याचा संभव नेहमीच असतो. दुसऱ्याविषयीची शंका अधिक गंभीर आहे. काठावर उभे असलेले जे लोक सौम्य शब्दांमुळे आत आले, ते आधीपासून उत्सुक असलेल्यांइतकेच उदार असतील, असे मानण्यास प्रयोगात आधार नाही.

लहान संस्थांची अडचण निराळी असते. ३ टक्क्यांचा दर ४ टक्के झाला आहे की नाही, हे ५ टक्के सार्थता-पातळीवर व ८० टक्के सामर्थ्याने ओळखावयाचे, तर प्रत्येक रूपास सुमारे ५,३०० अभ्यागत लागतात. ३ टक्क्यांचा दर ३.३ झाला आहे काय, हे ठरविण्यास मात्र प्रत्येकी सुमारे ५३,००० लागतात. महिन्याला हजार अभ्यागत येणाऱ्या संस्थेने बटनाच्या रंगाची परीक्षा घेत बसणे हा गणिताशी केलेला खेळ होय. तिने मोठे फरक तपासावेत, अथवा दहा-वीस खऱ्या अभ्यागतांना पृष्ठ वापरताना शांतपणे पाहावे. त्यातून कळणाऱ्या अडचणींना टक्केवारीची गरज नसते.

आणखी एक प्रमाद सार्वत्रिक आहे. प्रयोग चालू असताना दररोज निकाल पाहावयाचा आणि फरक सार्थ दिसला की तत्क्षणी थांबावयाचे. पीटर आर्मिटेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ सालीच दाखविले होते की, ५ टक्के पातळीची कसोटी साचत जाणाऱ्या निरीक्षणांवर पाच वेळा लावली, तर खरा फरक नसतानाही तो ‘आढळण्याचा’ संभव सुमारे १४ टक्क्यांवर जातो. दहा वेळा लावली तर १९ टक्क्यांवर. फळ पिकले की नाही हे पाहण्यासाठी रोज दाबून पाहणाऱ्याला एके दिवशी ते मऊ लागणारच. नमुन्याचा आकार आधी ठरवावा आणि तो पुरा होईपर्यंत निर्णय करू नये, अथवा वारंवार पाहणीसाठी सिद्ध केलेल्या क्रमिक पद्धती वापराव्यात, हाच त्यावरील उपाय.

६. परिणतिदराची मर्यादा

परिणतिदर हेच साध्य का मानू नये, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या जाहिरातीतून दोन पृष्ठांवर प्रत्येकी १०,००० अभ्यागत आले व प्रत्येकामागे २० रुपये खर्च झाला. पहिल्या पृष्ठावर तीनच रकाने आहेत. तेथे ६०० पृच्छक मिळाले. दुसऱ्यावर पूर्वशिक्षण, अपेक्षित वर्ष इत्यादी धरून सात रकाने आहेत व शुल्क स्पष्टपणे छापले आहे. तेथे ४०० मिळाले. परिणतिदराने पाहता पहिले पृष्ठ दीडपट यशस्वी ठरते. पुढे प्रत्येक पृच्छकाशी बोलण्यास ५० रुपये पडले आणि पहिल्यांतून ५ टक्क्यांनी, म्हणजे ३० जणांनी, तर दुसऱ्यांतून ९ टक्क्यांनी, म्हणजे ३६ जणांनी प्रवेश घेतला. तर पहिल्याचा एकूण खर्च २,३०,००० रुपये व प्रतिप्रवेश खर्च ७,६६७ रुपये. दुसऱ्याचा एकूण २,२०,००० व प्रतिप्रवेश ६,१११ रुपये. क्रम उलटला.

हे आकडे कल्पित असल्यामुळे लांब प्रपत्र नेहमी चांगले असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. निघतो तो इतकाच की, मोजावयाचा बिंदू जितका सुलभ व जवळचा, तितका तो खऱ्या हेतूपासून दूर असण्याचा धोका अधिक. शिवाय या हिशेबात एक रकाना कोणीच भरीत नाही. पहिल्या पृष्ठावर शुल्क न दिसल्यामुळे ज्यांनी आपला क्रमांक दिला आणि नंतर शुल्क ऐकून ज्यांचा विरस झाला, अशांचा वेळ व विश्वास खर्ची पडला. तो संस्थेच्या वहीत कोठेच नोंदला जात नाही.

७. मराठी वाचकाच्या संदर्भात

आगमनपृष्ठांचे बहुतेक साचे परदेशी भाषांसाठी घडविलेले असल्यामुळे मराठी पृष्ठांत काही विशेष दोष आढळतात. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव हा मराठी क्रम; साच्यात मात्र पहिले व शेवटचे असे दोनच रकाने असतात. पूर्ण नावासाठी एकच रकाना ठेवणे हा साधा व पुरेसा तोडगा आहे. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. अंकांची पडताळणी करणारी सूत्रे पुष्कळदा केवळ रोमन लिपीसोबत चालणारे अंक ओळखतात. एखाद्याने आपला क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला तर ‘क्रमांक अवैध’ असा शेरा येतो. मराठीतून आमंत्रण द्यावयाचे आणि मराठीतून उत्तर आले की ते चूक ठरवावयाचे, ही विसंगती संगणकाची नसून रचनाकाराची आहे. दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारून आतल्या आत रूपांतर करणे यंत्राला अवघड नाही.

भाषेची पातळी हाही विचारणीय प्रश्न आहे. ‘सबमिट करा’ हा शब्दप्रयोग कळतो. परंतु दाबल्यावर काय होईल हे सांगत नाही. ‘माहितीपत्रक पाठवा’ किंवा ‘उद्या दूरध्वनी करा’ यातून पुढील घटना स्पष्ट होते. बटनावरील शब्द हे संस्थेने केलेल्या कराराचे शीर्षक असते.

८. संमती आणि छल

परिणतिदर वाढविण्याचे काही मार्ग असे आहेत की, ते प्रयोगात हमखास विजयी होतात आणि तरीही त्याज्य ठरतात. आधीच खूण केलेला संमतीचा चौकोन, खोटी घाई लावणारे उलटे घड्याळ, नकार देणाऱ्याला लाजविणारे वाक्य, हे त्यांतील काही. कायद्यानेही आता यांची दखल घेतली आहे. युरोपीय न्यायालयाने ‘प्लॅनेट४९’ प्रकरणात १ ऑक्टोबर २०१९ रोजी निर्णय दिला की, आधीच खूण केलेला चौकोन ही वैध संमती नव्हे. मनुष्याने स्वतः काही कृती केली पाहिजे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या रचनापद्धती नमूद केल्या. खोटी घाई आणि लाजवून घेतलेली संमती यांचा त्यांत समावेश आहे.

वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम याहून मूलगामी आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी आणि ती स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली असावी, असे तो म्हणतो. तसेच संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीस मिळाला पाहिजे, अशी तरतूद करतो. मराठी ही त्या भाषांपैकी एक असल्याने सूचनेचे मराठी रूप हा यापुढे सौजन्याचा विषय राहत नाही. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

अभ्यासकांच्या दृष्टीने येथे एक पद्धतिशास्त्रीय प्रश्न उपस्थित होतो. तुलनात्मक प्रयोग हा छल आणि मन वळवणे यांत भेद करू शकत नाही; दोहोंनीही आकडा वाढतो. कोणते रूप अधिक पत्ते मिळविते हे प्रयोग सांगेल; पत्ता देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे कळले होते का, हे तो सांगणार नाही. त्यासाठी मोजणीचे निराळे बिंदू योजावे लागतात : सहा महिन्यांनंतर किती पृच्छकांनी संपर्क बंद करण्यास सांगितले, कितींनी तक्रार केली, किती जण पुन्हा आपणहून आले. हे बिंदू दूरचे व खर्चिक आहेत, म्हणूनच ते टाळले जातात.

९. उपसंहार

सारांश, आगमनपृष्ठाची रचना हा अलंकरणाचा विषय नाही. जाहिरातीतील वचन पृष्ठावर अखंड राहणे, अभ्यागताच्या प्रयोजनाला धरून एकच मागणी करणे, उपयोगापुरतीच माहिती विचारणे, बटनावर पुढील घटना सांगणे आणि किंमत व अटी लपवून न ठेवणे, ही त्याची अंगे होत. यादृच्छिक प्रयोग हे त्याच्या परीक्षेचे समर्थ साधन आहे. परंतु नमुना पुरेसा असावा, थांबण्याचा नियम आधी ठरावा, आणि मोजलेला बिंदू खऱ्या हेतूचा प्रतिनिधी आहे की नाही हे वेळोवेळी तपासले जावे, या अटींवरच. कूपन कापून पाठविणाऱ्या मनुष्याला टपालाचा खर्च करावा लागे, कात्री शोधावी लागे व विचार करण्यास एक रात्र मिळे; ती दिरंगाईच त्याचे संरक्षण होती. आज ते संरक्षण उरलेले नाही. अंगठ्याच्या एका स्पर्शात संमती घेणाऱ्या पृष्ठाने ती रात्रभराची विचारसंधी आपल्या शब्दांच्या स्पष्टतेतून परत देणे, ही त्याची जबाबदारी ठरते. या विषयातील पुढील संशोधनाने किती जणांनी होकार दिला याच्या जोडीला, होकार देणाऱ्यांपैकी कितींना तो होकार महिन्याभरानंतरही आपला वाटतो, याचा शोध घेतला तर शास्त्राची आणि व्यवहाराची दोघांचीही सोय होईल.